जुना, पण हलका: प्रवासासाठी लॅपटॉप निवडताना

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

वऱ्हाडातला माणूस उन्हाळ्यात प्रवासाला निघाला की त्याच्या पिशवीत पोळी-बेसन, ठेच्याची पुडी, पाण्याची बाटली आणि ऊन लागू नये म्हणून एखादा कांदा असतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या सामानात लॅपटॉपची भर पडली. बाकीच्या वस्तू आपण गरज पाहून बरोबर घेतो. लॅपटॉप मात्र दुकानदार दाखवील तो घेतो आणि मग ओझे म्हणून वागवतो. आज बोलायचे आहे ते लहान, हलक्या आणि सेकंडहॅंड लॅपटॉपबद्दल. तो कसा निवडायचा, कसा तपासायचा आणि कुठे फसगत होते, हे माझ्या अनुभवासकट सांगतो.

मी हिशेबाची कामे करतो. आठवड्यातून दोन-तीनदा अमरावतीहून अकोल्याला जाणे होते, कधी एसटीने, तर कधी बडनेऱ्याहून रेल्वेने. पूर्वी माझ्याकडे साडेपंधरा इंची पडद्याचा लॅपटॉप होता. तो सव्वादोन किलोचा, चार्जर जवळपास अर्धा किलोचा, शिवाय वह्या आणि डबा. गाडीत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मूर्तिजापूरपर्यंत हे सगळे खांद्यावर घेऊन उभे राहायचे. वर्षभरात खांदा धरला आणि मी लॅपटॉप घरीच ठेवू लागलो. दिवसभराच्या नोंदी कागदावर घ्यायच्या आणि रात्री घरी येऊन टाइप करायच्या. एका रात्री दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि एका छोट्या दुकानदाराला दंड भरावा लागला. चूक माझी होती, म्हणून मीच तो भरला. घरी राहिलेला लॅपटॉप कितीही चांगला असला तरी प्रवासात त्याचा उपयोग शून्य, हे मला त्या दिवशी कळले.

लहान लॅपटॉपची गोष्ट

लहान लॅपटॉपची कल्पना नवी नाही. जपानच्या तोशिबा कंपनीने १९९६ साली 'लिब्रेटो' नावाचा, एक किलोहूनही कमी वजनाचा संगणक काढला होता. पण तो सामान्य माणसाच्या आवाक्यातला नव्हता. स्वस्त आणि लहान अशा दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा मोठा प्रयत्न २००५ नंतर झाला. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक निकोलस निग्रोपॉन्टी यांनी मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप करण्याची घोषणा केली. किंमत शेवटी शंभरात बसली नाही, पण यंत्र तयार झाले. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, साडेसात इंची पडद्याचे, उन्हातही वाचता येणारे आणि सुमारे दीड किलोचे. त्याचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या लहानशा गावातल्या एकशिक्षकी शाळेत झाला.

त्याच वर्षी तैवानच्या आसुस कंपनीने 'ई-पीसी ७०१' बाजारात आणला. पडदा सात इंची, वजन ९२० ग्रॅम. पाठोपाठ इतर कंपन्यांनीही असे छोटे लॅपटॉप काढले आणि त्यांना 'नेटबुक' हे नाव पडले. दोन-तीन वर्षे त्यांची चलती होती. नंतर लोकांना कळले की हलकेपणासाठी ताकद फारच कमी केली आहे. पडदा इतका अरुंद की एखादा फॉर्म भरताना 'सबमिट'चे बटण पडद्याच्या खालीच राहायचे. तेवढ्यात २०१० साली आयपॅड आला आणि २०१३ पर्यंत नेटबुकचा बाजार उठला.

ही जुनी कहाणी आज सांगण्याचे कारण असे, की ती नेटबुके अजून जुन्या बाजारात दिसतात. दिसायला गोड आणि दोन-तीन हजारांत मिळतात, म्हणून मोह होतो. तो आवरावा. त्यांतल्या पहिल्या पिढीचा प्रोसेसर ३२ बिटचा आहे. आजचे विंडोज त्यावर चालत नाही आणि बँकेच्या किंवा सरकारी संकेतस्थळांसाठी लागणारा नवा ब्राउझरही धड चालत नाही. तसाच दुसरा मोह २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण असलेल्या स्वस्त, छोट्या लॅपटॉपचा. साठवणीतली बरीचशी जागा विंडोजच खाते. पुढचे अपडेट आले की ते उतरवायला जागा उरत नाही, आणि बहुतेकांत ही साठवण बोर्डालाच जोडलेली असल्यामुळे वाढवताही येत नाही.

आधी प्रवास, मग यंत्र

मग घ्यायचे काय? दुकानात जाण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. प्रवासात मी नेमके काय करणार? सलग किती तास विजेशिवाय काढावे लागतील? आणि हे यंत्र हरवले किंवा फुटले तर मला किती रुपयांचा फटका सोसेल? तिसरा प्रश्न लोक विसरतात. एसटीच्या फळीवर, वेटिंग रूममध्ये, पावसात आपण हे यंत्र नेणार आहोत. ज्याच्या काळजीने झोप लागणार नाही, ते प्रवासाला काय कामाचे?

माझी भाची समाजकार्याचे शिक्षण घेते. तिला मेळघाटात, धारणीकडच्या गावांत जाऊन कुटुंबांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. अमरावतीहून परतवाडा, तिथून पुढे घाटातून एसटी. मी तिला माझाच जुना लॅपटॉप देऊ केला. तिने तो उचलून पाहिला आणि म्हणाली, "मामा, एवढं वजन घेऊन घाटात कोण फिरते? त्यापेक्षा मी वहीतच लिहीन." मी म्हटले, "अगं, वहीतले पुन्हा टाइप करण्यात काय होते, ते मला विचार." तेव्हा आम्ही दोघांनी मिळून वरचे तीन प्रश्न लिहिले. तिला लिहायचे होते, तक्ते भरायचे होते आणि आवाजाची मुद्रणे ठेवायची होती. वीज नसताना चार तास पुरले पाहिजे होते. आणि घरून मिळणार होते अठरा हजार रुपये, तेही तिच्या आईने भिशीतून उचललेले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. ज्याला प्रवासात चार ओळींच्या नोंदी आणि ईमेल एवढेच करायचे आहे, त्याने लॅपटॉप घेऊच नये. मोबाइलला जोडता येईल असा लहानसा ब्लूटूथ कीबोर्ड घ्यावा. काम भागते आणि पैसे वाचतात.

ज्याला लॅपटॉप हवाच, त्याने पडदा साडेबारा ते साडेतेरा इंचांचा पाहावा. त्याहून लहान पडद्यावर तक्त्यातले आकडे वाचताना डोळे शिणतात आणि कीबोर्डवर बोटे अडखळतात. वजन चार्जरसकट दीड किलोच्या आसपास असावे. दुकानदार सांगतो ते वजन नुसत्या यंत्राचे असते. आम्ही शेजारच्या किराणा दुकानातला काटा वापरला. हसू नका, त्याने फार मोठी मदत झाली. सव्वा किलोचा म्हणून सांगितलेला एक लॅपटॉप चार्जर आणि वायरीसकट पावणेदोन किलो भरला.

कंपन्यांतून परतलेली यंत्रे

चांगले, हलके, वापरलेले लॅपटॉप येतात कुठून? मोठ्या शहरांतल्या कंपन्या आपल्या नोकरदारांना चांगल्या बांधणीचे लॅपटॉप देतात आणि तीन-चार वर्षांनी ते एकगठ्ठा विकून नवे घेतात. हा माल दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड अशा बाजारांतून साफसूफ होऊन आपल्या अकोला-अमरावतीत पोहोचतो. घरगुती वापराच्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा ही यंत्रे दणकट असतात. त्यांचे बिजागर मजबूत, कीबोर्ड चांगला आणि सुटे भागही मिळतात. नावेच सांगायची तर लेनोव्होचा थिंकपॅड एक्स-२८०, डेलचा लॅटिट्यूड ७२९० आणि एचपीचा एलीटबुक ८३० जी-५. तिन्ही २०१८ सालचे आणि दीड किलोच्या आतले. यांत एक फरक लक्षात ठेवा. थिंकपॅड एक्स-२८० मध्ये रॅम बोर्डालाच पक्की जोडलेली असते. ४ जीबीचा घेतला तर तो जन्मभर ४ जीबीचाच राहील. बाकी दोघांत रॅम बदलता येते. आज ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी याहून कमी घेऊ नये.

आता प्रोसेसरकडे या. दुकानदार म्हणतो, "आय-फाइव्ह आहे सर." ही माहिती अर्धी आहे. आय-फाइव्हच्या पुढे जो आकडा असतो, त्यात खरी गोष्ट दडलेली असते. ७२०० असेल तर तो सातव्या पिढीचा. ८२५० असेल तर आठव्या पिढीचा. १०२१० असेल तर दहाव्या पिढीचा. सातव्या आणि आठव्या पिढीत नाव तेच असले तरी फरक मोठा आहे. हलक्या लॅपटॉपमधल्या आय-फाइव्हला सातव्या पिढीपर्यंत दोन गाभे होते, आठव्यापासून चार झाले. म्हणजे दोन मजुरांच्या जागी चार आले.

दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सातव्या पिढीपर्यंतची यंत्रे एकदम स्वस्तात निघू लागली. कोणी जुगाड करून त्यांवर विंडोज ११ टाकूनही देतो, पण ते कंपनीच्या नियमात बसत नाही आणि पुढे केव्हा अडेल याची खात्री नाही. मग ही यंत्रे टाकाऊ का? तसे नाही. त्यांवर उबुंटू किंवा मिंटसारखी मोफत लिनक्स प्रणाली उत्तम चालते आणि मराठी टायपिंगही होते. मात्र तुमचे काम एखाद्या खास विंडोज सॉफ्टवेअरवर किंवा डिजिटल सहीवर अवलंबून असेल, तर ते लिनक्सवर चालते का, हे घेण्यापूर्वी पाहून घ्या.

माझी फसगत

भाचीच्या आधी मी स्वतःसाठी असाच एक लॅपटॉप घेतला होता. दुकानाचे नाव सांगत नाही. साडेचौदा हजार रोख मोजले. यंत्र देखणे होते, चालतही छान होते. तीन आठवड्यांनी मी त्यावर विंडोज नव्याने टाकले आणि इंटरनेट जोडले. पडद्यावर कुठल्याशा अनोळखी कंपनीचे नाव आले आणि खाली सूचना, की कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड द्या. त्याच्या पुढे यंत्र सरकेना.

झाले होते असे, की तो लॅपटॉप मूळ कंपनीच्या नोंदीतून काढलेलाच नव्हता. विकणाऱ्याने इंटरनेट न जोडता विंडोज टाकले होते, म्हणून कुलूप दिसले नव्हते. मी दुकानात गेलो. तो म्हणाला, "भाऊ, नेला तेव्हा चालू होता ना? मंग आता मी काय करू?" बिल मागितले नव्हते, त्यामुळे माझ्या हातात काहीच नव्हते. साडेचौदा हजार पाण्यात गेले. शिवाय मनात शंका राहिली ती वेगळीच, की हा माल चोरीचा तर नव्हता?

म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी दुकानदाराला विंडोज समोर 'रीसेट' करायला लावा आणि पहिल्या मांडणीच्या वेळीच आपल्या मोबाइलचे इंटरनेट त्याला जोडा. कंपनीचे कुलूप असेल तर बहुधा तिथेच दिसेल. अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढा चहा घ्या. यंत्र सुरू होताना डेलला एफ-२, लेनोव्होला एफ-१, एचपीला एफ-१० ही कळ दाबली की आतली मूळ मांडणी, म्हणजे बायोस उघडते. तिथे पासवर्ड मागितला तर उठून चालू लागा. ॲपलचा लॅपटॉप असेल तर आधीच्या मालकाने आपले खाते आपल्यासमोर काढून टाकलेच पाहिजे. आणि बिल घ्या. बिलावर यंत्राचा सिरियल नंबर आणि किती दिवसांची हमी, हे दोन्ही लिहून घ्या. बिल देत नाही म्हणणाऱ्याकडे माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

हाताने तपासण्याच्या गोष्टी

भाचीबरोबर अकोल्याला गेलो तेव्हा मी शहाणा झालो होतो. आम्ही एक-एक गोष्ट पाहिली. झाकण हळूहळू उघडून बिजागर कुरकुरते का ते पाहिले. पडद्यावर पांढरे पान उघडून डाग आणि काळोखे कोपरे शोधले. भाचीने मराठीत पानभर मजकूर टाइप केला. मराठी टायपिंगमध्ये आकड्यांच्या रांगेपासून शिफ्टपर्यंत जवळपास सगळ्या कळा वापराव्या लागतात, त्यामुळे मेलेली कळ लपत नाही. पेन ड्राइव्ह प्रत्येक खाचेत लावून पाहिला. कॅमेरा आणि माइक तपासायला घरी व्हिडिओ कॉल लावला.

मग बॅटरी. जुन्या लॅपटॉपमध्ये सगळ्यात आधी थकते ती हीच. "दोन तास बॅकअप आहे" हे तोंडी वचन घेऊ नका. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, मग मोकळी जागा, मग तिरपी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट असे टाइप केले की एक अहवाल तयार होतो. त्यात दोन आकडे असतात. बॅटरी नवी असताना किती वीज मावत होती आणि आता किती मावते. आम्ही पाहिलेल्या यंत्रात नवेपणी ४२ वॉट-तास मावत होते, आता २७. म्हणजे ६४ टक्के उरली होती. लिहिण्याच्या साध्या कामाला असे यंत्र सुमारे ७ वॉट घेते. २७ ला ७ ने भागा. चार तासांना थोडे कमी. भाचीच्या गरजेच्या अगदी काठावर. हा हिशेब दुकानदारापुढे मांडला, तेव्हा त्याने नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी केले. टचपॅड वर उचलल्यासारखे दिसत असेल किंवा तळ फुगलेला असेल, तर मात्र बॅटरी फुगली आहे असे समजा. ते धोक्याचे आहे, तसे यंत्र घेऊच नका.

चार्जिंगची खाच यूएसबी-सी प्रकारची असेल तर फार सोयीचे. ६५ वॉटच्या एकाच चार्जरवर लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही भागतात आणि पिशवीतले एक ओझे कमी होते. वरची तिन्ही यंत्रे अशा चार्जरवर चालतात. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, म्हणून एक सूचना. सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक विमानात जवळच्या बॅगेत ठेवावी लागते, सामानात टाकता येत नाही.

आपले ऊन, आपली धूळ

बाहेरच्या सल्ल्यांत न सापडणारी एक गोष्ट आपल्या हवामानाची आहे. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवावेत असे कंपन्या सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लिथियमची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका. टिनाच्या छताखाली भर दुपारी चार्जिंगला लावू नका, सकाळी किंवा रात्री लावा. गादीवर ठेवून चालवू नका, खालची हवा कोंडते. आणि आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ पंख्यात जाऊन बसते. जुना लॅपटॉप घेतला की तो उघडून पंखा साफ करून घ्या, आणि पुढे दरवर्षी उन्हाळ्याआधी करत जा. घेताना दहा मिनिटे व्हिडिओ चालवून तळाला हात लावा. चटका बसत असेल तर कारण विचारा.

पैशांचे म्हणाल तर हातातले सगळे यंत्रावर घालू नका. भाचीच्या अठरा हजारांतले तीन हजार आम्ही बाजूला ठेवले. त्यात नवी बॅटरी, पावसापासून वाचवणारी जाड पिशवी आणि एक पेन ड्राइव्ह एवढे बसले. पेन ड्राइव्ह कशाला? रोज संध्याकाळी दिवसभराच्या कामाची प्रत त्यावर घ्यायची आणि तो लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता अंगावरच्या खिशात ठेवायचा. लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो. ज्या बाईने चुलीपाशी बसून तासभर आपली हकीकत सांगितली, तिच्याकडे पुन्हा तेच विचारायला कोणत्या तोंडाने जाणार?

भाचीने त्या यंत्रावर दोन पावसाळे काम केले. मुलाखत झाली की त्याच दिवशी मुक्कामावर ती टाइप करायची, काही राहिले असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊन विचारायची. एकदा परतवाड्याच्या स्टँडवर गर्दीत पिशवी खाली पडली आणि झाकणाचा कोपरा चेपला. तिने फोन केला तो घाबरून नव्हे. "मामा, चालू आहे," एवढेच सांगितले.

मीही आता तसाच एक वापरतो. अकोल्याला जाताना उभे राहावे लागले तरी खांदा बोलत नाही, आणि व्यापाऱ्याचा आकडा त्याच्या समोरच, त्याच्या खातेवहीवरून थेट भरला जातो.